धूर गेला, खोकला आला

वऱ्हाडात एखाद्याने सिगारेट सुरू केली तर घरच्यांना कळायला दोन-तीन वर्षं जातात. सोडली, तर संध्याकाळच्या आत राजकमल चौकापासून राजापेठेपर्यंत बातमी पोचलेली असते. कारण सोडणारा माणूस ती स्वतःच सांगत फिरतो, आणि सांगायला जातो कुठे, तर पानठेल्यावर. दुसऱ्यांच्या धुरात उभं राहून तो आपला निश्चय जाहीर करतो. ठेलेवाला मान डोलावतो आणि मनातल्या मनात हिशेब मांडतो, की हे गिऱ्हाईक कोणत्या वारी परत येईल. त्याचा अंदाज सहसा चुकत नाही.

पहिले दोन दिवस छाती फुगवण्यात जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खोकला सुरू होतो. साधासुधा नाही. इतकी वर्षं रोज पाकीट संपवून कधी आला नव्हता, असा खोल, कफासकट, शेजाऱ्याची झोपमोड करणारा. घरात कौतुक व्हायच्या ऐवजी ‘दुसऱ्या खोलीत निजा’ असा हुकूम होतो. मग माणूस पुन्हा ठेल्यावर, सल्ल्यासाठी.

“काहून भाऊ, सोडली म्हणते ना तुम्ही?”

“सोडली त सोडली, पण खोकला काही सोडून नाही रायला ना बाप्पा.”

“म्या त आंधीच सांगतलं होतं. शरीराले सवय असते. एकदम बंद केलं की गर्मी छातीत बसते. एखादी चालू ठेवाची.”

झाला निकाल. सिगारेट ओढत होता तोवर खोकला नव्हता, सोडली आणि आला; सबब सिगारेट हेच औषध होतं. या युक्तिवादापुढे भले भले डॉक्टर हात टेकतात. वऱ्हाडातल्या कोणत्याही चालत्या पानठेल्यावर छातीच्या विकारांचे जेवढे जाणकार उभे असतात, तेवढे अमरावतीच्या इर्विनमध्ये किंवा अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये ओपीडीच्या वेळेतही सापडायचे नाहीत. शिवाय इथे केसपेपर काढावा लागत नाही आणि वरून चुना फुकट.

खरं तर छातीत घडत असतं ते या निकालाच्या अगदी उलट. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केसांसारख्या लोमिका असतात. धूळ, जंतू, चिकट कफ असा सगळा केर वर घशाकडे ढकलत राहणं हे त्यांचं काम. अमरावतीच्या माणसाला हे समजावायला फार लांब जायला नको. शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा एखाद्या गावात शिरले की आधी खराटा हातात घेत आणि गाव झाडून झालं की रात्री कीर्तनात व्यसनांची खरडपट्टी काढत. लोमिका म्हणजे छातीतली ही खराटेवाली मंडळी. सिगारेटच्या धुराने त्यांचे हात लुळे पडतात, कित्येक गळून जातात आणि केर साचत राहतो. धूर थांबला की काही दिवसांत, काही आठवड्यांत ती पुन्हा उठतात आणि झाडायला घेतात. वर्षानुवर्षं न झाडलेल्या वाड्यात पहिला खराटा फिरला की ठसका लागणारच; त्यासाठी खराट्याला दोष देणारा माणूस फक्त ठेल्यावरच भेटतो.

जागतिक आरोग्य संघटनेने याचं वेळापत्रकच दिलं आहे. शेवटची सिगारेट विझल्यावर २० मिनिटांत हृदयाचे ठोके उतरायला लागतात. १२ तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड जागेवर येतो. दोन ते बारा आठवड्यांत फुप्फुसाची ताकद वाढते आणि खोकला, धाप कमी व्हायला एक ते नऊ महिने लागतात. नऊ महिने! आपल्याकडे नऊ महिने धीर धरण्याचा अनुभव घरात एकाच व्यक्तीला असतो, आणि ती सिगारेट ओढत नसते.

नवऱ्याला तेवढा दम नसतो. त्याला सिगारेट सोडायची असते, पण काही सोडल्यासारखं वाटायला नको असतं. नेमक्या अशा वेळी दिवाळीला हिंजवडीहून पुतण्या येतो आणि खिशातून एक चपटी रंगीत डबी काढतो.

“काका, हे ट्राय करून पाहा. धूर नाही, वाफ आहे.”

काका विद्युत मंडळातून निवृत्त झालेले. डबी उलटीसुलटी करून ते विचारतात, “पेनड्राइव्ह होय का हा?” मग कळतं की यात बॅटरी आहे आणि हिला रात्री चार्जिंगला लावावं लागतं. काकांच्या चेहऱ्यावर आयुष्यभराच्या नोकरीतून आलेली काळजी दाटते. “अन् लाईन गेली त मंग काय वढतं?” या प्रश्नाचं उत्तर हिंजवडीत शिकवलेलं नसतं.

डबी उघडून पाहिली तर मात्र काकांना आपलेपणा वाटेल असं एक तिच्यात आहे. अशा डबीला व्हेप म्हणतात, आणि बहुतेक व्हेपच्या पोटात कापूस असतो. धातूच्या बारीक तारेच्या वेटोळ्यात कापसाची वात, तिने शोषलेलं पातळ द्रव, तार तापली की द्रवाची वाफ. यवतमाळ ते बुलढाण्यापर्यंत ज्या पिकाच्या भावावरून दरवर्षी मोर्चे निघतात, २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याला ज्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, ते पीक इथे नखाएवढ्या तुकड्यात येऊन बसतं. द्रव संपलं आणि तरी दम मारला की ती वात जळते आणि घशात असा काही जाळ जातो की ओढणारा डोळे पुसत बसतो. जिनिंगला लागलेली आग ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो वास लगेच ओळखू येईल.

द्रवात काय असतं? प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि आंब्यापासून पुदिन्यापर्यंत कसलाही स्वाद. यातले पहिले दोन पदार्थ वऱ्हाडी माणसाने छातीत घेतलेले नसले तरी नजरेने भरपूर घेतले आहेत. हल्ली लग्नात नवरीची एन्ट्री होते तेव्हा मंडपात ढग सोडणारं यंत्र असतं, त्यातही बहुधा याच जातीचं द्रव तापवतात. पहिल्या रांगेतले आजोबा तिथेही खोकतात. दोन्ही पदार्थ पाणी ओढून घेणारे. त्यामुळे घसा कोरडा पडतो, खवखवतो, आणि माणसाला वाटतं की छाती भरली. ही तक्रार दमट लंडनमध्ये लोक करतात. अकोल्यात, जिथे २०२४ च्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावं लागलं, तिथे घसा कोरडा पडायला वेगळ्या यंत्राची गरज काय, असा प्रश्न पडावा.

काकांना पहिल्याच दमाला जो ठसका लागतो त्याचं कारण मात्र निराळं आहे. काका मुळात बिडीवाले. सिगारेट ही पगारवाढीनंतरची. बिडीच्या तेंदूपानाला छिद्रं नसतात, ती जोर लावून आणि लवकर लवकर ओढली नाही तर विझते. म्हणून बिडीवाल्याचा दम पोटापासून निघतो. व्हेप मागते ते हळू, सावकाश ओढणं. काका बिडीच्या जोराने ओढतात, गरम द्रवाचे थेंब थेट जिभेवर येतात आणि काकू स्वयंपाकघरातून धावत बाहेर. “काय देलं रे बापा यायले?” पुतण्या खजील. त्यातून द्रवात निकोटिन किती, हे काकांना ठाऊक नसतं. सिगारेट तरी बोटाला चटका बसला की संपते, ही डबी ‘आता पुरे’ म्हणत नाही. टीव्हीवरची एक मालिका संपेपर्यंत काका इतकं ओढतात की त्यांचं डोकं गरगरतं.

खोकल्यावरचा उपाय म्हणून व्हेप घ्यावी का, याचं उत्तर तिकडच्या डॉक्टरांनी बऱ्यापैकी सरळ दिलं आहे. इंग्लंडमध्ये ८८६ जणांवर केलेला एक मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. वर्षअखेर सिगारेटपासून दूर राहिलेले व्हेपवाल्यांत १८ टक्के निघाले. निकोटिनची गोळी, पट्टी वगैरे घेणाऱ्यांत ९.९ टक्के. खोकला आणि कफ व्हेपवाल्यांचा जास्त कमी झाला, घसा आणि तोंड खवखवण्याची तक्रारही त्यांचीच जास्त. इथवर काकांच्या पुतण्याची बाजू जिंकली म्हणायची. पण त्याच अभ्यासात पुढे असं आहे की वर्षभर सिगारेट न ओढलेल्या व्हेपवाल्यांतले ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. म्हणजे भाडेकरू गेला, पण घर काही रिकामं झालं नाही.

तरीही ब्रिटिश सरकारने २०२३ मध्ये दहा लाख धूम्रपींना व्हेपचा संच फुकट द्यायची योजना जाहीर केली. सिगारेटपेक्षा कमी वाईट, पण निर्धोक नव्हे, आणि न ओढणाऱ्याने हात लावू नये, असं त्यांचं धोरण. मग शाळकरी पोरांच्या दप्तरांत डब्या सापडायला लागल्या आणि १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर त्यांनी बंदी घातली. अमेरिकेत २०१९ च्या उन्हाळ्यात वेगळंच घडलं. धडधाकट तरुण पोरं धाप लागून रुग्णालयात यायला लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली, ६८ दगावले. तपासात बोट गेलं ते मुख्यतः गांजाच्या अर्काच्या चोरबाजारातल्या नळकांड्यांकडे. त्यात घट्टपणा यावा म्हणून ई जीवनसत्त्वाचं एक तेलकट रूप मिसळलेलं होतं. गिळायला आणि त्वचेला लावायला ते ठीक. फुप्फुसात त्याचं काय काम?

२०१९ च्याच सप्टेंबरात, १८ तारखेला, आपल्या केंद्र सरकारने अध्यादेश काढून ई-सिगारेट, म्हणजे हीच व्हेप, बंद केली आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं, सगळं गुन्हा. पहिल्या खेपेला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा पकडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करून ठेवला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद. पुतण्याला हे ठाऊक नसतं. त्याला वाटतं की हिंजवडीत मिळते म्हणजे चालतच असेल. कायदा झाल्यावर वस्तू नाहीशी झाली नाही, तिच्यावरचं खरं लेबल तेवढं नाहीसं झालं. डबीत काय आहे, किती आहे, कुठे भरलं, हे सांगणारा आता कोणी नाही. काकांच्या फुप्फुसाच्या दृष्टीने ही सगळ्यात वाईट बातमी, आणि तिच्यावर कोणताही काढा नाही.

सिगारेट मात्र होती तिथेच राहिली. ठेल्यावर, राजरोस, पेटती सुतळी बाजूला लटकवून. या व्यवस्थेतला एक बारकावा काकूंनाही लागू आहे. काकूंनी आयुष्यात सिगारेट हातात धरलेली नाही, पण त्या नेमाने विम्याचा हप्ता भरतात, आणि आयुर्विमा महामंडळाकडे सिगारेट बनवणाऱ्या आयटीसीचे पंधरा टक्क्यांच्या आसपास समभाग आहेत. काका सिगारेटचं पाकीट घेतात तेव्हा त्यातला एक कण फिरून काकूंच्या बोनसात येतो. घरातल्या घरात पैसा फिरवण्याची ही रीत कोणत्याही अर्थमंत्र्याला सुचली नसती. बहुधा सुचलीच नव्हती, नुसती झाली.

पाकीट म्हटलं खरं, पण वऱ्हाडात पाकीट घेतो तो नवा नोकरदार किंवा नवा जावई. बाकीचे सुट्टी घेतात. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि बिड्या विकायला बंदी घातली. कारण पटण्यासारखं होतं: सुट्टी घेणाऱ्याला पाकिटावरचा इशारा दिसतच नाही. २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर कर्करोगाच्या भीषण चित्रासकट इशारा असतो, २०१८ पासून त्याखाली तंबाखू सोडवणाऱ्या हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा फुकट नंबरही छापतात. ते चित्र दिवसभर पाहतो कोण? ठेलेवाला. तो नंबर त्याला तोंडपाठ असायला हवा. बंदीनंतर फरक पडला तो एवढाच, की पूर्वी ठेलेवाला सिगारेट पुढे करताना गिऱ्हाइकाकडे पाहायचा, आता रस्त्याकडे पाहतो.

धूर ‘स्वच्छ’ करून घेण्याची हौस जुनी आहे, ती हिंजवडीत जन्मली नाही. अकबराच्या शेवटच्या वर्षांत असद बेगने विजापूरहून तंबाखू आणून बादशहापुढे ठेवली, तेव्हा दरबारी वैद्यांनी नाकं मुरडली होती. वऱ्हाड तेव्हा नुकतंच मुघलांच्या ताब्यात गेलेलं, एलिचपूरची सरदार मंडळी ही नवी चैन शिकायला फार मागे राहिली नसावीत. जहांगीराने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदीही घालून पाहिली. तोवर लोकांनी धूर पाण्यातून गाळून घ्यायला सुरुवात केली होती. पाण्यातून आला की निवतो, शुद्ध होतो, अशी समजूत. निवतो हे खरं, पण शुद्ध होत नाही. विसाव्या शतकात फिल्टर आले. १९५० च्या दशकात अमेरिकेत केंट नावाच्या सिगारेटला ‘आरोग्याची काळजी घेणारा’ म्हणून जो फिल्टर लावला होता, त्यात काही वर्षं अॅस्बेस्टॉस होतं! मग ‘लाइट’ आल्या, लोक त्या दुप्पट जोराने ओढायला लागले. २००३ मध्ये होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाने आजच्या धर्तीची ई-सिगारेट बनवली. त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते, तो स्वतःही पट्टीचा ओढणारा. ती बनवल्यानंतरही अधूनमधून सिगारेट चालूच असते, असं त्याने मुलाखतीत प्रांजळपणे सांगून टाकलं होतं. काकांना हा माणूस मनापासून आवडेल.

अंबा एक्स्प्रेसने मुंबईला जाताना या हौसेची परीक्षा होते. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, शेगाव: ओढणाऱ्याचं वेळापत्रक स्टेशनांवरून ठरतं. फलाटावरही मनाई आहे, डब्यात तर रेल्वे कायद्याने शंभर रुपयांपर्यंत दंड. पुतण्या म्हणतो, वाफेला वास नसतो, संडासात चालून जाईल. दोन मिनिटांत आख्ख्या बोगीत स्ट्रॉबेरीचा घमघमाट आणि वरच्या बर्थवरून आवाज, “आइसक्रीम कोणं आणली बे?”

एवढं सगळं व्हेपपुराण सांगून झाल्यावर हेही सांगायला हवं, की वऱ्हाडात सिगारेट सोडणाऱ्या माणसाची खरी वाट व्हेपकडे जात नाही. ती त्याच ठेल्यावर दीड हात डावीकडे, खर्र्याकडे जाते. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीनुसार महाराष्ट्रात धूर काढणारे प्रौढ अवघे ३.८ टक्के आणि धुराविना तंबाखू घेणारे २४.४ टक्के. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत सिगारेट विरुद्ध व्हेप अशी चर्चा झडते तेव्हा विदर्भाला गालातल्या गालात हसू येतं. मोकळेपणी हसता येत नाही, कारण गालात आधीच काहीतरी असतं.

खर्रा होतो कसा ते पाहण्यासारखं आहे. ठेलेवाला पन्नीच्या चौकोनी तुकड्यावर कातरलेल्या सुपारीची चिमूट टाकतो, त्यावर गिऱ्हाइकाच्या नंबराची तंबाखू, मग काडीने ओला चुना. पन्नीची घडी घालतो आणि तळहाताने पाटीवर घासायला लागतो. खसखस, खसखस, गप्पा मारत, दुसऱ्याचे सुटे पैसे मोजत, रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारत. पन्नी गरम होते, आतला माल तांबूस-पिवळा आणि दमट होतो, वर रबर चढतं. खिशात पडलेली ही पुडी दुपारपर्यंत पुरते. राज्यात जुलै २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तंबाखू घोटलेली सुपारीही तिच्यात येते. पण हे ‘खसखस’ इतकं घरगुती आहे, की ते ऐकून आपल्याला गुन्हा ऐकू येतो आहे असं कोणालाच वाटत नाही, कधीकधी बाजूला उभ्या असलेल्या खाकी वर्दीलाही.

“सिगारेट सोडली आपण. छातीले तरास होत होता. आता फक्त खर्रा.” हे वाक्य अमरावतीत इतक्या अभिमानाने म्हटलं जातं की ऐकणारा अभिनंदन करून मोकळा होतो. फुप्फुसावरचा बोजा गालावर आला, एवढाच फेरफार. सुपारीने गालाच्या आतली कातडी हळूहळू ताठरते, तोंड उघडेना होतं. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, एवढी साधी तपासणी दंतवैद्य करायला सांगतात. त्याच्याही आधी एक खूण दिसते: तिखट सोसत नाही. कमी तिखट खाणारा माणूस याकडे दुर्लक्ष करू शकेल, पण ज्याला परवापर्यंत ठेचा लोण्यासारखा गोड लागत होता त्या वऱ्हाडी माणसाने वांग्याची भाजी बाजूला सारून दही मागितलं, तर घरच्यांनी त्याला त्याच दिवशी उचलून दवाखान्यात न्यायला हवं. घरचे मात्र म्हणतात, वयोमानाने होतं.

सिगारेट सोडणाऱ्याची दुसरी मोठी तक्रार छातीची नसतेच, पोटाची असते. सकाळी सातला, हातात वर्तमानपत्र, तोंडात सिगारेट, मग पुढचं कार्य. त्यातली सिगारेट काढली की पुढचं कार्य अडतं. हे नाटक नाही. निकोटिन आतड्यांना चाळवतं, ते बंद झालं की काही आठवडे बद्धकोष्ठ होतो, वैद्यकाच्या पुस्तकात त्याची नोंद आहे. म्हणून घराघरांत ‘दिवसातून एकच, सकाळची’ असा तह होतो. या तहाची मुदत साधारण दुपारच्या चहापर्यंत असते.

खोकल्यावरचे घरगुती उपाय काकूंच्या ताब्यात. हळदीचं दूध, अडुळशाचा काढा, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, वाफारा. यातलं कोमट पाणी आणि गुळण्या खरोखर उपयोगाच्या, बाकीच्यांनी निदान काकांचं तोंड अडकलेलं राहतं. अकोल्यात गुळाचा खडाही सांगतात. जिनिंग-प्रेसिंगमध्ये राबणाऱ्यांत समजूत आहे की गूळ खाल्ला की छातीतला कापसाचा भुगा सुटतो. त्या भुग्याचा स्वतःचा आजार आहे, बिसिनोसिस: सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते, आणि कामगाराला वाटतं की सुट्टीच बाधली. कापसाच्या धुळीत राबणारा माणूस वर सिगारेट ओढत असेल तर दोन्ही मिळून त्याच्या छातीचं मातेरं करतात. अशा माणसाने खोकल्याचं खापर सिगारेट सोडण्यावर फोडलं, तर ठेल्यावरच्या जाणकारांनीही जरा जपून मान डोलवावी.

सर्वोपचारमधल्या डॉक्टरकडे काका शेवटी जातात ते काकूंच्या धाकाने. डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, खोकला किती दिवसांचा. दोन आठवड्यांवर गेला असेल तर सिगारेट, व्हेप, गर्मी या चर्चेत न पडता बेडका तपासायला पाठवतात. क्षयरोगाची ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट आहे. कफात रक्त, छातीत दुखणं, जिना चढताना धाप, यातलं काही असलं तर तेवढीही वाट पाहायची नाही. काकांच्या बाबतीत सगळं ठीक निघतं. खराटेवाली मंडळी कामाला लागली आहेत, एवढंच निदान. भरपूर पाणी प्या, सकाळी चालायला जा, खोकला दाबू नका, कफ बाहेर पडू द्या. व्हेप? ती पुतण्याला परत करा, त्याच्याही हातून सोडवा. तलफ फारच आली तर निकोटिनची च्युइंगगम, केमिस्टकडे मिळते.

ती कशी खायची हे समजावणं परदेशात मोठं जिकिरीचं काम असतं. नेहमीच्या च्युइंगगमसारखी चघळायची नाही, लाळ गिळली की उचक्या लागतात, मळमळतं. दोन-चारदा हळूच चावायची, जीभ चुरचुरली की थांबायचं, गोळी गाल आणि हिरडीच्या मध्ये सरकवून ठेवायची, चव गेली की पुन्हा चावायची, असं अर्धा तास. निकोटिन पोटातून नाही, गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात जातं, आणि ते जावं म्हणून गोळीत क्षार मिसळलेला असतो. खर्र्यात जे काम चुना करतो तेच. डॉक्टर हे सगळं सविस्तर सांगायला तोंड उघडतात, तर काका हात वर करून थांबवतात.

“गालात दाबून ठेवाची ना साहेब? माईत आहे. कॉलेजात शिकलो ते.”

आधी पंधरा मिनिटं चहा घ्यायचा नाही, एवढी अट तेवढी काकांना जाचक वाटते. दवाखान्यासमोरच्या मेडिकलवर ते विचारतात. काउंटरवरचा पोरगा पट्टी काढतो, पुदिना, दालचिनी, आणि हो, पानाच्या स्वादाचीही आहे. काका चष्मा वर करून पट्टीवरची किंमत वाचतात, पट्टी परत काउंटरवर ठेवतात.

“पूरा पत्ता कायले पाह्यजे आताच? पानवाली एक सुट्टी दे भाऊ, चव पाहून घेतो.”

पोरगा कैची काढतो आणि रस्त्याकडे पाहत एक गोळी कापून देतो.